आग्रहाविना पाहुणचार

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबात शिरलेला मराठी माणूस पहिली दहा मिनिटं बहुधा तहानलेलाच बसतो. दार ढकलून आत येतो, शेकोटीजवळचं रिकामं टेबल गाठतो आणि कुणीतरी पाणी घेऊन येईल म्हणून वाट बघतो. कुणी येत नाही. काउंटरमागची बाई एकदा मान हलवून हसते आणि पुन्हा ग्लास पुसायला लागते. शेजारचा म्हातारा वर्तमानपत्रातून डोकंही वर काढत नाही. पाहुण्याच्या मनात पाल चुकचुकते: आपल्याला मुद्दाम टाळताहेत की काय? या पुस्तकातले बरेच अनुभव इथूनच सुरू होतात, आणि उलगडाही बहुतेकांचा एकच आहे. पबात टेबलापाशी कुणी येत नाही. आपण उठून काउंटरपाशी जायचं, हवं ते मागायचं, पैसे तिथल्या तिथे चुकते करायचे आणि आपला ग्लास आपणच उचलून आणायचा.

एवढीशी गोष्ट, पण ती परक्यांना समजावून सांगायला पुस्तिका काढावी लागली. केट फॉक्स या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी १९९६ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी 'पासपोर्ट टु द पब' लिहिली. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण ती असते, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपला नंबर कितवा हे पक्कं ठाऊक असतं. नोट फडकवायची नाही, नाण्याने काउंटर ठोकायचं नाही, हाक तर मारायचीच नाही. नजरेच्या टप्प्यात उभं राहायचं, नजरानजर झाली की भुवई किंचित उचलायची, बस्स. काउंटरवर टिप ठेवायचीही रीत नाही. फारच आपुलकी वाटली तर 'तुमच्यासाठीही एक घ्या' म्हणायचं. हातावर पैसे टेकवले की समोरचा नोकर ठरतो, पेय देऊ केलं की तो बरोबरीचा राहतो, असं फॉक्सबाईंचं निरीक्षण आहे आणि मला ते पटतं.

आपल्याकडे पाहुणचार म्हणजे आग्रह. पाहुण्याने तीनदा नको म्हटलं तरी चौथ्यांदा पोळी पानात पडते, आणि पडली नाही तर घरी जाताना पाहुणाच बोलून दाखवतो. खेड्यातल्या पबाचं अगत्य याच्या अगदी उलट्या अंगाने चालतं. अर्धा पाइंट घेऊन दोन तास बसा, 'आणखी काय आणू?' असं कुणी विचारणार नाही. कुणाशी बोलायचं नसेल तर कोपऱ्यातलं टेबल धरा. बोलायचं असेल तर काउंटरपाशी उभे राहा. अनोळखी माणसाने आपणहून बोलणं काढलं तरी इंग्रजाला जिथे चालतं अशी ती जवळजवळ एकमेव जागा. सुरुवात हवामानापासून करावी. पुढे ते बोलणं मेंढ्यांच्या भावावर जाईल, नाहीतर शेजारच्या गावाच्या क्रिकेट संघाच्या बदनामीवर.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दारूच्या गुत्त्याचं किंवा बारचं जे चित्र असतं ते इथे उपयोगाचं नाही. आपल्याकडे काळ्या काचा, दाराला पडदा आणि वर 'परमिट रूम'ची पाटी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याच्याही खिशात परवाना हवा असं ठरवलं, आणि बसणाऱ्याची मान तेव्हापासून खाली आहे ती आहेच. शहरातले नवे 'पब' म्हणजे कानठळ्या बसवणारं संगीत. जवळचं काही शोधायचंच तर गोव्यातलं जुन्या वळणाचं तावेर्न आठवावं: घराचीच पुढली खोली, फळीवर फेणीच्या बाटल्या आणि आतल्या खोलीतून हात पुसत बाहेर येणारा मालक. इंग्लंडच्या खेड्यात दुपारी आजीबाई लोकर विणत बसलेल्या दिसतात, कुत्र्यासाठी दारात पाण्याचं भांडं असतं, चिखलाचे बूट घातलेली डोंगर तुडवणारी मंडळी नकाशा पसरून बसलेली असतात. लहान मुलंही असतात, पण हे अलीकडचं; पूर्वी चौदा वर्षांखालच्यांना जिथे पेय विकलं जाई त्या खोलीत मज्जाव होता.

पबही मुळात घरच. मालक किंवा भाडेकरू, ज्याला तिकडे 'लँडलॉर्ड' म्हणतात, तो बहुधा वरच्या मजल्यावर राहतो. २००३ चा परवाना कायदा येईपर्यंत त्याचं नाव दाराच्या चौकटीवर लिहिणं सक्तीचं होतं. जुन्या पबांवर ती बारीक अक्षरांतली पाटी अजून दिसते. १८३० च्या बिअर कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या घरमालकाला आपल्या घरात बिअर विकायची मुभा दिली, आणि देशभर हजारो बैठकीच्या खोल्यांचे पब झाले. आत पुन्हा वर्गवारी होतीच. मजुरांसाठी 'पब्लिक बार', तिथे लाकडी बाकं. बऱ्या परिस्थितीतल्यांसाठी 'सलून बार', तिथे गालिचा आणि तीच बिअर थोड्या चढ्या दराने. आणि 'स्नग' नावाची एक चिमुकली खोली, जिथे लोकांच्या नजरेत यायचं नाही अशा बायका आणि कधीकधी गावचा पाद्रीही बसायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच ठिकाणी मधल्या भिंती पडल्या. एकाच पबात दोन दारं का, असा प्रश्न पडला तर उत्तर त्या पडलेल्या भिंतीत आहे.

आता बिअरबद्दल थोडं सविस्तर. न पिणाऱ्यानेही हा भाग वाचावा, कारण या पाहुणचाराचं गणित त्यात दडलेलं आहे. पारंपरिक पबातली 'रिअल एल' पिंपातही जिवंत असते. त्यात यीस्ट असतं, आंबण्याची क्रिया पिंपातच पुरी होते. तळघराचं तापमान अकरा ते तेरा अंशांच्या आसपास राखायचं, पिंप आडवं ठेवून गाळ तळाशी बसू द्यायचा, वरच्या बुचातून वायू हळूहळू जाऊ द्यायचा, आणि चव घेऊन ठरवायचं की आज तोटी ठोकायची की उद्या. वर काउंटरवर उभा लाकडी दांडा असतो. तो सावकाश आपल्याकडे ओढायचा, दोन-तीन लांब ओढींत ग्लास भरतो, फेस काठावर येतो, क्षणभर थांबून वरून भर घालायची. उत्तरेकडे तोटीला बारीक भोकांची चकती लावून दाट फेस काढतात, दक्षिणेकडे असा फेस दिसला तर नाक मुरडतात. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्यात कमीजास्त नाही. ग्लासावर सरकारी मापाची खूण असते.

या बिअरला वायूच्या दाबाने ढकलत नाहीत. जितकी बाहेर निघते तितकी हवा पिंपात शिरते, आणि हवा शिरली की बिअर आंबट होऊ लागते. म्हणून एकदा तोटी ठोकलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं. नेहमीच्या लहान पिंपात नऊ गॅलन, म्हणजे बहात्तर पाइंट असतात. दोनशे वस्तीच्या गावात रोज चोवीस पाइंट खपले नाहीत तर गुरुवारी येणाऱ्याला वाईट बिअर मिळते, तो पुन्हा येत नाही, आणि पुढच्या गुरुवारची बिअर आणखी वाईट होते. ताजी बिअर हा लँडलॉर्डचा जितका गुण तितकाच गावाचा. शहाणा लँडलॉर्ड चारऐवजी दोनच बिअर ठेवतो. चार दांडे आणि रिकामी खोली दिसली तर लिंबू सरबत मागवावं, हा माझा पाहुण्यांना सल्ला. आंबट किंवा गढूळ ग्लास वाट्याला आलाच तर तो हळूच परत न्यावा. चांगल्या पबात वाद न घालता दुसरा मिळतो. 'ही अशीच असते' असं उत्तर आलं, तर त्या पबाबद्दल आणखी काही विचारायची गरज नाही.

ही जिवंत बिअर १९६० च्या दशकात जवळजवळ संपत आली होती. मोठ्या कंपन्यांना पाश्चराइज केलेली, वायू भरलेली, कुठेही आणि कधीही तीच चव देणारी बिअर सोयीची होती. १९७१ मध्ये उत्तर-पश्चिम इंग्लंडमधले चार तरुण आयर्लंडच्या केरी परगण्यात, डनक्विन गावच्या एका बारमध्ये बसले असताना त्यांनी तिच्याविरुद्ध संघटना काढायचं ठरवलं. तीच आजची 'कॅम्रा'. गिऱ्हाइकांनी चालवलेल्या चळवळींत इतकं यश फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

आदर्श पब कसा असावा यावरचा सगळ्यांत गाजलेला मजकूर जॉर्ज ऑर्वेलचा. 'द मून अंडर वॉटर' नावाचा हा लेख ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आला. त्याचा पब लंडनमधला, पण त्याने मागितलेल्या गोष्टी खेड्यालाही लागू पडतात. बोलणं ऐकू येईल एवढी शांतता हवी, रेडिओ नको, पियानो नको. काउंटरवरच्या बायकांना नेहमीच्यांची नावं माहीत हवीत. मागे बाग हवी, म्हणजे बायकामुलांना घरी ठेवून यावं लागणार नाही. टपाल तिकिटं आणि ॲस्पिरिनच्या गोळ्याही मिळाव्यात, फोन वापरू द्यावा. बिअरबद्दल तो बोलतो, पण बेताचंच. आणि हे सगळं रंगवून झाल्यावर असा पब अस्तित्वातच नाही, हे तो सांगून टाकतो. त्या लेखाची भुरळ इतकी की 'मून अंडर वॉटर' हे नाव पुढे एका मोठ्या पबसाखळीने आपल्या अनेक शाखांना दिलं. त्यांतल्या काही इतक्या अवाढव्य आहेत की ऑर्वेल दारातूनच परतला असता.

त्याच्या यादीच्या जवळ जाणारा खराखुरा पब बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावात आहे, 'द बेल'. अडीचशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे. तिथे काउंटरच नाही. भिंतीत काचेच्या झडपांची एक खिडकी आहे, तिच्यातून ग्लास आणि भरलेले पाव बाहेर येतात. मोबाइलवर बोलायला बंदी. कॅम्राने त्याला १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. मधल्या एकोणतीस वर्षांत तिथे फारसं काही बदललं नव्हतं, आणि बक्षीस बहुधा त्यालाच होतं.

दुसरं टोक टॅन हिलचं. यॉर्कशरच्या उघड्या माळावर १,७३२ फुटांवर उभा असलेला हा ब्रिटनमधला सगळ्यांत उंचावरचा पब. २६ नोव्हेंबर २०२१ च्या शुक्रवारी रात्री तिथे 'ओएसिस'ची गाणी वाजवणाऱ्या एका नकलाकार बँडचा कार्यक्रम होता. आर्वेन वादळ आलं, बर्फाने रस्ते बुजले, आणि साठएक माणसं बँडसकट तीन रात्री आत अडकली. जमिनीवर गाद्या पडल्या, सगळ्यांसाठी एकत्र जेवण लागलं, प्रश्नमंजूषा झाली, कराओके झालं, सिनेमे दाखवले गेले. सोमवारी रस्ता मोकळा झाला. बातमी जगभर गेली ती गमतीची म्हणून, पण मूळचं 'इन' याच कामासाठी असायचं. आडवाटेवर, रात्री, वाईट हवेत छप्पर देणं हा तिथला धर्म होता आणि कायदाही. खोली रिकामी असताना वाटसरूला विनाकारण परत पाठवायचा अधिकार इनवाल्याला नव्हता.

साध्या पबवाल्याला मात्र तो अधिकार होता, आणि त्याचा वापर कसा झाला हे न सांगता ही प्रस्तावना लिहिणं खोटेपणा होईल. १९४३ च्या उन्हाळ्यातल्या दोन घटना पाहा. वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर खेळायला आले असताना लंडनच्या इंपीरियल हॉटेलने त्यांना ठेवून घ्यायला नकार दिला. गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही, हे कारण. कॉन्स्टंटाइन कोर्टात गेले आणि याच जुन्या इनच्या कायद्यावर १९४४ मध्ये जिंकले. भरपाई पाच गिनी. त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, लँकेशरच्या बॅम्बर ब्रिज गावात अमेरिकी सैन्याच्या अधिकाऱ्यांनी पबांमध्ये गोरे-काळे वेगळे बसवावेत असा आग्रह धरला. गावातल्या पबांनी 'फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी' अशा पाट्या लावून उत्तर दिलं, असं सांगतात. २४ जूनच्या रात्री 'ओल्ड हॉब इन' या गवती छपराच्या पबाबाहेर अमेरिकी लष्करी पोलीस कृष्णवर्णीय सैनिकांना पकडायला आले, तेव्हा गावकरी सैनिकांच्या बाजूने उभे राहिले. वाद चिघळला, रात्री गोळीबार झाला, विल्यम क्रॉसलंड हा सैनिक मारला गेला.

हीच माणुसकी वीस वर्षांनी, कामासाठी आलेल्या भारतीयांच्या वाट्याला मात्र सगळीकडे आली नाही. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणारे पंजाबी कामगार संध्याकाळी पबात गेले की त्यांना एका खोलीत बसता येई, दुसरीत नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले, 'ब्लू गेट्स' पबात गेले आणि भेदभाव डोळ्यांनी पाहून गेले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने पबातला असा मज्जाव बेकायदा ठरला. पुढे त्या भागातले कितीतरी पडीक पब पंजाबी कुटुंबांनीच घेतले. आज ते 'देसी पब' म्हणून ओळखले जातात. काउंटरवर तीच बिअर आणि स्वयंपाकघरातून तापल्या तव्यावर चरचरत येणारं 'मिक्स्ड ग्रिल'. शनिवारी रात्री तिथे गोऱ्या आणि देसी गिऱ्हाइकांची सारखीच गर्दी असते. म्हणून पहिल्या परिच्छेदातल्या पाहुण्याच्या मनातल्या पालीला मी हसणार नाही. बहुतेक वेळा ती उगाच चुकचुकते, पण तिला इतिहास आहे.

खेड्यातला पब आज अडचणीत आहे हे सगळे जाणतात. का, याची उत्तरं मात्र आपापल्या सोयीने दिली जातात. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. २००७ ची धूम्रपानबंदी, सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, १९६७ पासूनची श्वासचाचणी (बस नसलेल्या गावात ती योग्यच, पण धंद्याला महाग), ही कारणं आहेतच. मला त्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते मालकीचं कारण. अनेक लँडलॉर्ड इमारतीचे मालक नसतात. ते भाडेकरू, आणि करार असा की बिअर मालक कंपनीकडूनच, तिच्या दरानेच घ्यायची. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींची ही पकड सोडवायला नियम केले. ब्रुअरींनी पब विकले, आणि ते घेतले नव्या कंपन्यांनी, ज्या बिअर बनवत नव्हत्या, नुसते पब सांभाळत होत्या. भाडेकरू होता तिथेच राहिला. २०१६ च्या पब संहितेने मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना फक्त भाडं भरून बिअर हवी तिथून घेण्याचा पर्याय दिला, पण तो मिळवता मिळवता कित्येकांची दमछाक झाली. काउंटरवरचं ओढून आणलेलं हसू पाहून पाहुणा हिरमुसतो, तेव्हा मागे बऱ्याचदा हा हिशेब असतो.

काही गावांनी दुसरी वाट काढली. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या शंभराहून अधिक लोकांनी पैसे घालून २००३ मध्ये आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला. हा अशा सुरुवातीच्या पबांतला एक. सहकार म्हटलं की मराठी वाचकाला साखर कारखाना आठवेल आणि तो सावध होईल. इथे प्रकरण बरंच लहान आणि डोळ्यांसमोरचं आहे. यॉर्कशरमधल्या हडस्वेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २००८ मध्ये बंद पडला, २०१० मध्ये गावाने घेतला. त्यात ग्रंथालय आलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं छोटं दुकान आलं, मागच्या जमिनीवर भाजीचे वाफे आले. २०१६ चा कॅम्राचा सर्वोत्तम पब तोच. टपाल तिकिटांचा आग्रह धरणाऱ्या ऑर्वेलला हे आवडलं असतं.

या पुस्तकातल्या तक्रारींमध्ये एक पुन्हा पुन्हा येते, आणि तिच्याबाबतीत मी लँडलॉर्डच्या बाजूचा आहे. डोंगर चढून दुपारी अडीचला पबात पोचलेल्यांना 'स्वयंपाकघर दोनला बंद झालं' असं ऐकावं लागतं आणि वाटाण्याच्या अक्षतांसारखं चिप्सचं पाकीट हातात पडतं. आपल्याकडे एवढ्या भुकेल्याला कुणी असं परतवणार नाही, हे खरं. पण आत एकच आचारी असतो, तो सकाळपासून उभा असतो आणि संध्याकाळी सहाला त्याला पुन्हा उभं राहायचं असतं. शाकाहाऱ्यांची आबाळ पूर्वीइतकी होत नाही. 'प्लाउमन्स लंच' म्हणजे पाव, चीज आणि लोणच्याच्या जातीची चटणी हमखास मिळते. नांगऱ्याचं हे 'प्राचीन' जेवण १९६० च्या दशकात दूध विपणन मंडळाने चीज खपावं म्हणून गाजवलं, याने त्याची चव बिघडत नाही. रविवारच्या भाजलेल्या जेवणासाठी आधी जागा राखून ठेवावी. आणि सोमवारी निघण्यापूर्वी फोन करावा. बरीच गावं त्या दिवशी पबाला कुलूप लावतात.